लहान मुलांची निसर्गसत्रं: जागा एकच, वेळ भरपूर, बडबड कमी

रानवाट

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन उघड्यावर सत्रं घेणारे, किंवा घ्यायचा विचार करणारे, इथे बरेच जण आहेत. चर्चा मात्र तुकड्यातुकड्यांत होते, म्हणून हा वेगळा धागा. मी हे काम बरीच वर्षं करतोय. खाली लिहिलंय ते माझं मत आहे, पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. दर वेळी नवी जागा शोधायच्या फंदात पडू नका. या महिन्यात डोंगर, पुढच्या महिन्यात तळं, मग जंगल असं भरगच्च वेळापत्रक आयोजकांना आवडतं आणि पालकांनाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मुलांचं काय होतं? नव्या जागी सुरुवातीचा बराच वेळ हुंदडण्यात जातो (तो जायलाच हवा), मग कुठे नजर स्थिरावते, तेवढ्यात परतायची वेळ होते. तीच जागा तिसऱ्या-चौथ्यांदा आली की गंमत सुरू होते. "इथे मागच्या वेळी पाणी होतं ना?", "ते जाळं कुठे गेलं?" असे प्रश्न अनोळखी जागी कुणाला पडतच नाहीत, कारण बदल दिसायचा तर आधीचं आठवत असावं लागतं.

जागा मोठी नको आणि भारी तर मुळीच नको. चार झाडं, थोडी उघडी माती, थोडं न कापलेलं गवत, एखादा कुजत पडलेला ओंडका, जमलं तर ओल धरणारा कोपरा. एवढं पुरतं. पाचोळा रोज झाडून नेतात अशी चकाचक बाग मी टाळतो. मुलांना हाताळता येईल असं जे काही असतं ते निम्म्याहून जास्त त्या पाचोळ्यातच असतं.

दोन-अडीच तासांत ठरवून करायची गोष्ट मी एकच ठेवतो. बाकी वेळ मोकळा. उदाहरण देतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की सगळ्यांना बसवायचं आणि नुसतं बघू द्यायचं. थोड्या वेळाने एकाला ओलं बोट रांगेवरून आडवं फिरवायला सांगायचं, मुंग्या न चिरडता (आणि चावऱ्या मुंग्यांच्या वाटेला न जाता). पुसलेल्या पट्ट्याच्या कडेशी येऊन मुंग्या थबकतात. दोन्ही बाजूंना गर्दी होते, मिशा हलवत इकडेतिकडे करतात, काही सरळ मागे फिरतात. मग एखादी धीट बाई ती पट्टी ओलांडते, तिच्यामागून दुसरी, आणि हळूहळू रांग परत लागते. या सगळ्या वेळात आपण गप्प राहायचं. "काय झालं असेल?" हासुद्धा प्रश्न विचारायचा नाही, तो त्यांच्यातूनच येतो. कुणीतरी "यांचा रस्ता पुसला गेला" म्हणतं, दुसरं कुणी "पण रस्ता तर दिसत नव्हता" म्हणतं, आणि तिथून पुढे मुंग्या वासाच्या खुणेवरून चालतात हे सांगायला आपल्याला दोनच वाक्यं लागतात. तेच आधी सांगून मग दाखवलं तर मुलं एकदा बघतात आणि "पुढे काय?" म्हणतात.

माझ्या दृष्टीने सत्र घेणाऱ्याचं खरं काम मुलं यायच्या आधी असतं. आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला, जागा स्वतः फिरून यायची. पोळं कुठे आहे, वाळलेली फांदी डोक्यावर लटकतेय का, काच पडलीय का, सत्राच्या वेळी सावली कुठे असेल. एकदा मुलं आली की मग आपण होता होईल तो बाजूला.

---

काजवा

वाचनखूण साठवली. मुंग्यांचा प्रयोग उद्याच करणार. घरी मुलं नाहीत, मीच करणार.

---

शेवाळ

छान धागा. मी पहिलंच सत्र घेणार आहे, म्हणून विचारते. हेच 'फॉरेस्ट स्कूल' का? त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं का?

---

भिंगरी

@शेवाळ, फॉरेस्ट स्कूल ही त्यातली एक विशिष्ट पद्धत. थोडा इतिहास सांगते. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात एला फ्लाटाऊ या बाई शेजारपाजारच्या मुलांना रोज रानात नेऊ लागल्या, त्यातून रानातल्या बालवाडीची कल्पना रुजली. जर्मनीत अशी पहिली बालवाडी १९६८ साली निघाली, पण अशा बालवाडीला सरकारी मान्यता मिळायला १९९३ उजाडलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजातली मंडळी डेन्मार्कला जाऊन हे बघून आली आणि 'फॉरेस्ट स्कूल' हे नाव तिथून पसरलं. वारंवार त्याच जागी जाणं, दीर्घकाळ जाणं, मुलांच्या कलाने जाणं हे त्या पद्धतीत मूलभूत मानतात. म्हणजे रानवाट म्हणतात त्याला भक्कम परंपरा आहे. ते नाव लावून सत्रं घ्यायची असतील तर रीतसर प्रशिक्षण घ्या. आठवड्यातून एकदा मुलांना झाडाखाली नेणार असाल तर प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र नक्की घ्या, ते कुठल्याही नावाने काम करा, लागतंच.

आता मतभेद. रानवाट, तुमचा तो 'गप्प राहा'चा आग्रह मला अर्धाच पटतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. नावं आणि माहिती द्यायचीच नाही अशी हल्ली एक फॅशन आलीय. मुलांना नावं हवी असतात! डायनोसॉरची तोंड वेडंवाकडं करणारी नावं पाच वर्षांची पोरं धडाधड म्हणतात, मग अंगणातल्या पक्ष्याचं नाव सांगितलं तर त्यांचं कुतूहल मरेल असं का समजायचं? नाव कळलं की ती गोष्ट दुसऱ्या ठिकाणी ओळखता येते, पुस्तकात शोधता येते, घरी जाऊन सांगता येते. बिननावाचं सगळं 'एक झाड होतं, एक पक्षी होता' एवढंच उरतं.

---

रानवाट

नावाला विरोध नाही, नाव केव्हा सांगायचं याबद्दल बोलतोय. नाव आधी सांगितलं की बरीच मुलं बघणं थांबवतात, 'झालं, कळलं' असं होतं. म्हणून आधी त्यांनाच नाव ठेवू द्यायचं. आमच्या एका किड्याचं नाव 'पळपुटा बटण' आहे. ते नाव ठेवायला त्यांना त्याचा आकार आणि चाल दोन्ही बघावं लागलं. खरं नाव मी सत्राच्या शेवटी सांगतो, आणि मला येत नसेल तर येत नाही म्हणतो.

---

भिंगरी

शेवटी सांगता म्हणजे सांगता ना? मग वर तसं लिहा की. नवीन लोक वाचून निव्वळ मुक्याने हिंडायचे. :)

बाकी, सगळ्या मुलांना एकच क्रम लागू पडतो असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या वर्गातली दोन मुलं अशी आहेत की नाव कळल्याशिवाय ती वस्तूकडे ढुंकून बघत नाहीत, आणि कळलं की तासभर हलत नाहीत.

---

टिटवी

पालक म्हणून विचारतेय. माझी मुलगी सात वर्षांची आहे, किड्यांना प्रचंड घाबरते. अशा सत्राला पाठवू का? तिथे तिला कुणी जबरदस्तीने गांडूळ हातात दिलं तर ती परत कधीच जाणार नाही.

---

माळीबुवा

टिटवीताई, पाठवा. हातात देणारा असेल तर तो माणूस बदला. माझा अनुभव बागकामाच्या गटाचा आहे. घाबरणाऱ्या मुलाला एखादं काम द्यायचं, ज्यात अंतर राखून बघता येतं. भिंग धरायचं, वेळ मोजायची, चित्र काढायचं, 'पहारेकरी' व्हायचं. पारदर्शक डबी असली की निम्मी भीती जाते, कारण किडा अंगावर येणार नाही याची खात्री असते. डबीचं झाकण कोण आणि केव्हा उघडणार हे त्या मुलानेच ठरवायचं. बघताबघता स्वतःहून पुढे येतात. काही येत नाहीत, तेही चालतं.

गांडुळाबद्दल सांगायचं तर, ते कोरड्या हातात घेऊच नये. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, कातडी ओली राहिली तरच. हात आधी ओले करायचे, आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी तर नाहीच. हे सांगितलं की पोरं एकदम जबाबदार होतात, 'ए, तुझे हात ओले आहेत का?' म्हणून एकमेकांना दटावतात.

अजून एक. दगड उलटताना लांबची कड उचलून आपल्याकडे ओढायची, म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो आणि आत जे असेल ते समोरच्या बाजूने पळतं. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच जागी. उलटा ठेवलेला दगड म्हणजे कुणाचं तरी छप्पर उडालं. साप-विंचवाची शक्यता असलेल्या ठिकाणी हे काम मोठ्या माणसाने काठीने करावं, मुलांनी हात घालू नये.

---

टिटवी

धन्यवाद माळीबुवा. डबीची युक्ती घरीच करून बघते आधी.

---

चष्मेबद्दूर

नेत्रतज्ज्ञ म्हणून दोन पैसे टाकतो. मुलं बाहेर गेली तर लांबचं कमी दिसण्याचा त्रास सुरू होण्याचं प्रमाण घटतं, यावर आता चांगला पुरावा आहे. चीनमधल्या ग्वांगझूत सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला होता, जादा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के. फरक फार मोठा नाही, पण फक्त बाहेर सोडण्याने एवढा फरक पडतो हे लक्षात घ्या. बाहेरचा भरपूर उजेड हे महत्त्वाचं कारण मानलं जातं. म्हणजे मूल बाहेर बसून नुसतं काड्या मोडत असलं तरी डोळ्यांच्या दृष्टीने वेळ वाया गेलेला नाही. आधीच लागलेला नंबर यामुळे उतरत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तो प्रश्न येणारच.

---

काजवा

@चष्मेबद्दूर, माझा उतरेल का? (पळतो.)

---

शेवाळ

खूप उपयोगी चर्चा. एक अडचण: आमच्या गटातले काही पालक म्हणतात की झाडावर चढू देऊ नका, काठ्या हातात देऊ नका, चाकू तर नावच काढू नका. मग उरतं काय? दुसरीकडे मला स्वतःलाही धास्ती वाटतेच.

---

रानवाट

धास्ती वाटायलाच हवी, ती नसलेल्या माणसाकडे मी मूल सोपवणार नाही. पण धोका आणि सापळा यांत फरक करा. चढायची फांदी हा धोका मुलाला दिसतो, ते स्वतः अंदाज घेतं, घाबरलं की थांबतं. आतून कुजलेली फांदी हा सापळा, तो मुलाला दिसत नाही. सापळे शोधून काढून टाकणं आपलं काम, धोका पेलायला शिकणं त्यांचं.

नॉर्वेतल्या एलेन सँडसेटर या संशोधिकेने २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोकादायक हत्यारं, आग-पाणी-कडे यांच्याजवळचा खेळ, कुस्ती-मस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. मी पालकांच्या सभेत हे सहा फळ्यावर लिहितो आणि "तुम्ही लहानपणी यातलं काय काय केलंत?" एवढंच विचारतो. नंतरची चर्चा बरीच सोपी जाते.

नियम थोडे ठेवा. चढणाऱ्याला कधीही खालून उचलून वर ठेवायचं नाही, जिथे स्वतः पोचता येत नाही तिथे जायचं नाही. काठी हाताएवढी असेल तर हातात, त्याहून लांब असेल तर एक टोक जमिनीवर ओढत न्यायची. चाकू सुरुवातीला नकोच. बटाट्याची सालं काढायच्या सोलण्याने ओली काठी तासता येते, बसून, टोक अंगापासून लांब, आणि एका मोठ्याजवळ एकच मूल.

---

माळीबुवा

सोलण्याला जोरदार अनुमोदन. काठीची साल सोलताना एरवी टणाटण उड्या मारणारी पोरं तोंडातून जीभ बाहेर काढून बसतात.

---

भिंगरी

साहित्याचा विषय निघालाच आहे तर, फार सामान नेऊ नका. सायमन निकोल्सन यांनी १९७१ साली 'सुट्या भागां'ची कल्पना मांडली: हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त तितकी मुलांची कल्पकता जास्त. बाहेर हे सगळं फुकट पडलेलं असतं. काड्या, दगड, बिया, चिखल. मी फक्त भिंगं, दोरी, डब्या, थर्मामीटर आणि मोजपट्टी नेते.

थर्मामीटर का? उन्हातली माती, सावलीतली माती, पाचोळ्याखालची माती, तिन्हीकडे लावायचा आणि आधी अंदाज लिहायचे. मुलं चक्रावतात. दोरीपासून झाडाचा घेर, काठीपासून उंची. काठी हाताच्या लांबीएवढी घ्या, म्हणजे डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच मुठीच्या वर. हात सरळ करून ती उभी धरायची आणि मागे सरकत जायचं. झाडाचा बुंधा मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी जुळला की थांबायचं. तिथून झाडापर्यंतचं अंतर साधारण झाडाच्या उंचीएवढं. पावलांनी मोजा.

रातकिड्यांचंही करता येतं. डॉलबेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये रातकिड्यांच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र दिलं होतं. ते सूत्र तिथल्या एका जातीला नीट बसतं, तेव्हा आकडे उसने घेऊ नका. पण उबदार आणि गार संध्याकाळी मिनिटाला किती वेळा किरकिर होते हे मोजून तुलना मात्र झकास होते.

---

काजवा

मोबाइल न्यायचा का? फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप आहेत ना.

---

रानवाट

एक फोन, मोठ्या माणसाच्या खिशात. तातडीच्या कॉलसाठी आणि शेवटी एखाद-दोन गोष्टी पडताळायला. अ‍ॅप ठामपणे चुकीचं नावही सांगतं, त्यामुळे 'खाऊन बघायचं का' अशा निर्णयासाठी ते कधीच वापरू नये. रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही हा आमचा एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही. अवांतर: सतत फोटो काढणारे पालक हा फोनपेक्षा मोठा प्रश्न आहे. मी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत हवे तेवढे काढा म्हणतो आणि मग फोन आत.

---

झुळूक

माझ्या मुलाला फारच अंधुक दिसतं. वरच्या सगळ्या चर्चेत 'बघणं, बघणं' चाललंय, म्हणून लिहावंसं वाटलं. त्याला सर्वांत आवडलेला खेळ: प्रत्येकाने एकेक जागा धरून बसायचं, कागदाच्या मधोमध स्वतःची खूण आणि ज्या दिशेने आवाज येईल तिथे एक चिन्ह. तो दोऱ्याचे तुकडे आणि बिया चिकटवून करतो. त्याच्या नकाशात एक ठकठक होती जी बाकी कुणालाच ऐकू आली नव्हती. सगळे शोधायला गेले तर सुतारपक्षी. दुसरं म्हणजे खोडांची साल. डोळे बांधून एका झाडापाशी न्यायचं, चाचपू द्यायचं, परत आणून पट्टी सोडायची आणि 'तुझं झाड शोध' म्हणायचं. यात तो सगळ्यांना हरवतो. कृपया सत्र आखताना एवढं लक्षात ठेवा, आणि वाट आधी सांगून ठेवा: कुठे चढ, कुठे मुळं वर आलीत.

---

शेवाळ

झुळूकताई, हे दोन्ही घेणार. आवाजाच्या नकाशाने सत्राची सुरुवात केली तर चालेल ना?

---

झुळूक

सुरुवातीला नको, हुंदडून झाल्यावर. आधी बसवलंत तर नकाशात फक्त एकमेकांच्या खुसखुशी येतील.

---

शेवाळ

:D बरं. शेवटचे प्रश्न. पाऊस आला तर? काही चावलं तर? आणि शू-शीचं काय करता?

---

रानवाट

साध्या पावसात सत्र सुरू ठेवा, जादा कपडे आणायला सांगा. गोगलगायी आणि पाण्याचे ओघळ त्याशिवाय भेटत नाहीत. गडगडाट ऐकू आला की मात्र लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, झाडाखाली अजिबात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. आत बसल्या बसल्या वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, किलोमीटरमध्ये अंतर येतं. तेवढंच गणित. जोराच्या वाऱ्यात मोठ्या झाडांखालचं सत्र सरळ रद्द, पालक कितीही कुरकुरले तरी.

चावण्याबद्दल: कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि त्याचं औषध कुठल्या पिशवीत आहे हे नोंदणीच्या वेळीच लिहून घ्या. मधमाशीचा काटा दिसला की लगेच काढा, कसा काढता यापेक्षा किती चटकन काढता हे महत्त्वाचं. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर वाट न बघता औषध द्या आणि दवाखाना गाठा. सुरवंटाचे केस टोचले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा, मग साबणाने धुवा. पांढरा चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. साप चावला तर मुलाला चालवायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, कापणं-चोखणं-आवळून बांधणं काही नाही, थेट रुग्णालय. गवतातून आल्यावर गोचिडी बघायला पालकांना सांगा: काखा, जांघा, कानामागे.

शू-शी: निघायच्या आधी सगळ्यांची, इच्छा असो नसो. जागा शौचालयापासून पाच मिनिटांच्या आत असलेली निवडा. मूल एकटं जात नाही, आणि एकटा मोठाही मुलाला घेऊन जात नाही, म्हणजे एक मोठा आणि दोन मुलं असे कमीत कमी तीन जण जातात. म्हणून मोठी माणसं किमान तीन लागतात, एक गेलं तरी गटापाशी दोन उरतात.

---

भिंगरी

यात एक भर: मुंडकी मोजायला मुलांनाच आकडे द्या. हाक दिली की एक, दोन, तीन म्हणत जायचं. आकडा गळला की कोण नाही ते ताबडतोब कळतं. आणि हरवल्यास काय करायचं ते पहिल्याच दिवशी खेळून घ्या: जवळच्या झाडाला धरून उभं राहायचं, शिट्टी तीनदा, आम्ही येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

---

शेवाळ

शिट्टी प्रत्येकाला द्यायची? वाजवून वाजवून डोकं उठवतील ना?

---

माळीबुवा

उठवतात. पहिली पाच मिनिटं मनसोक्त वाजवू द्यायची, मग गळ्यात, शर्टाच्या आत. आणि दोरी ओढली की सुटणारी घ्या, फांदीत अडकली तर गळ्याला फास बसता कामा नये. चढायच्या वेळी गळ्यातून काढूनच ठेवायला सांगा.